किमचीच्या फ्रिजमधले चोवीस सेल

देजन, १० ऑक्टोबर २०२३

योम सनबे,

अजूनही तोंडात सनबेच येतं. आपल्या आधी पाच वर्षं नोकरीला लागलेला माणूस नोकरी सोडून बेटावर मिठागर चालवायला गेला, तरी शेवटपर्यंत आपल्या आधीच राहतो.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे उघडाल की मिठाच्या पोत्याखाली सरकवाल, मला ठाऊक नाही. अकरा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही नंबर बदललात तेव्हा वाईट वाटलं आणि, खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. फोनवर मी फार चांगली बोलते. समोरच्याने काय कबूल केलं ते त्याला फोन ठेवल्यावर कळतं, असं तुम्हीच म्हणायचात. म्हणून कागद. कागदावर मला एवढं जमत नाही.

आधी आभार, मग काम.

गेल्या गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरचा किमचीचा फ्रिज उघडला गेला. हो, तोच. पांढरा, वरून झाकण उचलायचा, नमुन्यांच्या खोलीबाहेरच्या कोपऱ्यातला. तुम्ही गेल्यावर तीन संचालक आले-गेले, मजला दोनदा रंगवून झाला, पण त्या फ्रिजला कोणी हात लावला नाही. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर ‘मोहरीच्या पानांची किमची, घरची’ एवढंच. नाव नाही. सनबे, आपल्याकडे माणूस दुसऱ्याचं कपाट उघडेल, दुसऱ्याच्या मेलमध्ये डोकावेल, पण दुसऱ्याच्या आईने आंबवून मुरत घातलेली किमची उघडणार नाही. मला वाटायचं ती आताचे संचालक गू यांची आहे. त्यांना वाटायचं माझी आहे, आणि चार वर्षांत मी एकदाही डबा पुढे केला नाही ही गोष्ट ते मनात धरून होते, असं आता कळलं.

उघडला तो गुमबाईंनी. मजल्याची साफसफाई अजून त्याच बघतात, डिसेंबरात निवृत्त होतायत. जाण्याआधी फ्रिज धुऊन ठेवते म्हणाल्या. मी म्हटलं, असू दे, कुणाची तरी असेल. त्या म्हणाल्या, “अकरा वर्षं वास आला नाही. वास न येणारी किमची कुणाच्या आईने घातलीय, ते तरी बघू.”

आत सहा डबे. प्रत्येक डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि पुड्यांच्या मध्ये बॅटरीचे चार-चार चपटे सेल. तुमचे लोखंडाचे सेल. चोवीसच्या चोवीस. मी मीटर आणून लावला. एकाचाही आकडा ३.२९ व्होल्टच्या खाली नाही. मी तिथेच फरशीवर बसले. गुमबाईंनी हळूच विचारलं, कोण गेलं म्हणून. मी म्हटलं, कोणी नाही, परत आलेत.

त्या वर्षी स्थिर थंडी धरणारी दोन्ही कपाटं माझ्या निकेलच्या सेलनी भरलेली होती, हे मला आठवतं. तुम्ही जागा मागितली होतीत आणि मी पुढच्या महिन्यात बघू म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही घरचा फ्रिज आणलात. अर्ध्या अंशाचाही फरक न पडू देता शून्याच्या आसपास वर्षानुवर्षं थंडी धरणारं यंत्र आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतं आणि एकाही शास्त्रज्ञाला ते सुचत नाही. तुम्हाला सुचलं. त्याबद्दल आभार.

आता काम. कंपनीला लोखंडाचे सेल हवे आहेत. हसू नका. कोबाल्ट मिळेना, निकेल परवडेना, आणि समुद्रापलीकडचे शेजारी दहा वर्षं निमूटपणे लोखंडच करत बसले होते ते आता अर्ध्या जगाच्या गाड्यांत आहेत. मग आमच्याकडे एक दिवस सगळ्यांना एकदम आठवलं की आपल्याकडेही कोणीतरी हे करत होतं. गाडीवाले म्हणतात, तुमचा लोखंडाचा सेल दहा वर्षांनी कसा दिसतो ते दाखवा. आम्ही सांगितलं, काम नुकतंच सुरू केलंय. ते म्हणाले, मग दहा वर्षांनी भेटू.

यंत्रं विकत मिळतात, माणसं फोडता येतात, पावडर जहाजाने येते. दहा वर्षं कुठे मिळत नाहीत. ती तुमच्या फ्रिजमध्ये होती.

पण सेल झोपायला गेले तेव्हा त्यांच्यात किती ताकद होती, ते आकडे नाहीत. तुमची मोजणी ज्या सर्व्हरवर होती तो २०१६ साली पुसला. जागा कमी पडत होती. त्या आकड्यांशिवाय हे चोवीस नुसते जुने डबे आहेत. एकतीस जानेवारीपर्यंत गाडीवाल्यांना अहवाल गेला नाही, तर लोखंडाचा गट बंद होईल. चौदा माणसं आहेत. निम्मी परदेशातल्या कारखान्यात जातील, निम्मी कुठेच जाणार नाहीत.

तुम्ही मोजणी हाताने वहीत उतरवून ठेवायचात. वही घरी नेणं नियमाबाहेर होतं, हे मला माहीत आहे, म्हणजे मला काही माहीत नाही. असेल तर पाठवा. त्या चुसोकच्या सुटीत वरून आदेश आला आणि तुमचे सेल चाचणीच्या चॅनेलवरून काढले गेले, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

उन-सुक


देजन, ३० ऑक्टोबर २०२३

योम सनबे,

तुमचं उत्तर आलं. अर्धा कागद, दोन ओळी. “वही आहे. आधी सांग, चॅनेल सोडल्याच्या चिठ्ठीवर माझा शिक्का कोणी मारला?”

तुम्ही पाकीट उघडलंत, ह्याचेच मी तीन दिवस आभार मानत होते. मग तुमचा प्रश्न परत वाचला.

सनबे, त्या काळात सगळ्यांचे शिक्के सगळ्यांच्या खणात असायचे. जगाला वीज साठवायला शिकवणारी प्रयोगशाळा, आणि परवानगीच्या चिठ्ठीवर मात्र लाकडी शिक्का. माणूस जेवायला गेला की शेजारचा त्याचा खण उघडून त्याच्या नावाने मारून मोकळा. तुम्हीसुद्धा माझा शिक्का दोनदा मारलाय, मी बाळंतपणाच्या रजेवर होते तेव्हा. कोणी कुणाचा कधी मारला हे एवढ्या वर्षांनी कसं सांगायचं? गर्दी किती होती ते तुम्हाला आठवतच असेल. चाचणीच्या यंत्राला अठ्ठेचाळीस चॅनेल, एकेका सेलने एकेक चॅनेल महिनेच्या महिने अडवून बसायचं, आणि रांगेत दोनशे सेल. तुमच्या चोवीसांनी दीड वर्ष निम्मं यंत्र धरून ठेवलं होतं. कोणीतरी उठल्याशिवाय कोणी बसू शकत नव्हतं.

त्या सप्टेंबरातल्या बैठकीबद्दल मात्र एक सांगते, कारण तुम्ही तिथे नव्हतात. तुम्हाला बोलावलं नव्हतं. एका किलोत किती वीज मावते, ह्याचा तक्ता मी दाखवला. त्यात माझे निकेलचे सेल तुमच्यापेक्षा पुष्कळ उंच होते आणि ते खरंच होतं. किती वेळा भरून-रिकामे केले तरी टिकतात, ह्याचंही एक पान होतं. चौदाशे वेळांनंतर तुमचे चौऱ्याण्णव टक्क्यांवर होते, माझे नऊशेलाच धापा टाकत होते. ते पान मी नेलं नाही. चाचणी अपुरी आहे म्हटलं. गाडी एका दमात किती लांब जाते एवढंच त्या दिवशी विचारलं गेलं, किती वर्षं जाते हे कोणी विचारलं नाही, कारण विचारायचं पान माझ्या टेबलावर राहिलं होतं.

हे एवढं मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. शिक्क्याचं मला आठवत नाही.

इथे चौदाही जण तुमच्या नावाची चौकशी करतात. मून दा-ओन नावाची एक डॉक्टरेट झालेली मुलगी आहे, तेहेतीस वर्षांची, तिखट. तिचं काम वेगळं, मिठातल्या सोडियमचे सेल, पण बसते आमच्यातच. ती म्हणाली, “म्हणजे बरोबर असलेला माणूस गेला आणि चुकलेली माणसं वर चढली?” मी म्हटलं, साधारण तसंच. ती म्हणाली, “मग मी फार बरोबर असायला नको.”

वहीची वाट बघते.

उन-सुक


देजन, ६ नोव्हेंबर २०२३

योम सनबे,

मागचं पत्र फाडून टाका. ‘मला आठवत नाही’ हे वाक्य मी फोनवर म्हटलं असतं तर तुम्हीही विश्वास ठेवला असता. कागदावर ते फार मूर्ख दिसतं. पाकीट पेटीत टाकलं आणि हात आत घालून परत काढता येईल का, हेही बघितलं.

तुमचा शिक्का मी मारला.

चुसोकच्या सुटीचा पहिला दिवस होता. सगळा देश पितरांना जेवू घालायला गावी निघालेला. तुम्हीही आदल्या संध्याकाळी सासुरवाडीला, बेटावर गेलात. जाताना मला नाशपात्यांची पेटी दिलीत, आईसाठी. मी आईला काम आहे म्हणून कळवलं आणि सकाळी दहाला प्रयोगशाळेत आले. कोणी आदेश दिला नव्हता, सनबे. तेव्हाचे संचालक एवढंच म्हणाले होते की, योमने स्वतः चॅनेल सोडले तर तुझी चाचणी सुरू कर, नाहीतर वसंतापर्यंत थांब. वसंतापर्यंत थांबले असते तर निकेलचं काम शेजारच्या शहरातल्या गटाकडे गेलं असतं. तुम्ही सोडणार नव्हतात. तुम्हाला अजून सहाशे फेऱ्या हव्या होत्या, दोन हजार भरायला.

मी तुमचा खण उघडला. वरच आलं घातलेल्या गोळ्यांची डबी, तिच्याखाली शिक्का. ‘चॅनेल एक ते चोवीस स्वेच्छेने मोकळे करीत आहे’ अशा चिठ्ठीवर तो मारला. थोडा तिरका लागला. तुमचा कधी तिरका लागत नसे. मग सेल काढून तुमच्या टेबलावर ठेवले, माझे चढवले आणि पाचला बाहेर पडले.

तुम्ही परत आलात, सेल बघितलेत, चिठ्ठी मागवून बघितलीत. मी समोरच्या टेबलावर बसून कानात गाणी लावली होती. गाणी चालू नव्हती. तुम्ही ओरडला असतात तर मी म्हणणार होते की वरून आदेश होता. वाक्य तयार होतं. ते वापरावं लागलं नाही. स्वतःच्या शिक्क्याशी कोण भांडणार? सहा आठवड्यांनी राजीनामा दिलात आणि निरोपाच्या जेवणात मला स्वतः वाढलंत. ती बाब मला त्या शिक्क्यापेक्षा जास्त छळते, पण तो माझा प्रश्न.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. सर्व्हर पुसला, पण ती चिठ्ठी कंपनीने जपून ठेवली आहे. अहवालाला ती जोडावी लागेल, कारण हे सेल चॅनेलवरून कधी आणि कसे उतरले ह्याचा तेवढाच एक पुरावा आहे. तशीच जोडली तर तुम्ही आपण होऊन काम सोडलंत असं गाडीवाल्यांच्या कागदांतही कायमचं बसेल. मी तशी जोडणार नाही. चिठ्ठी खोटी आहे आणि ती मी केली, हे माझ्या सहीने खाली लिहीन. वही पाठवा किंवा पाठवू नका, हे लिहिणार आहे. वही आली नाही तर अहवाल नसेल, गट नसेल, आणि माझं निवेदन एका फाइलमध्ये एकटं पडून राहील. तरीही.

हे विचारल्याबद्दल आभार. अकरा वर्षांत मला हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारू शकलं नसतं, आणि मी स्वतःला विचारायचं टाळण्यात बरीच तरबेज झाले आहे.

उन-सुक


देजन, २९ नोव्हेंबर २०२३

योम सनबे,

वही आली. प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली, तरी पानांना किंचित समुद्राचा वास आहे. चिठ्ठीत तुमचं एकच वाक्य: “आठ नंबरचा सेल पहिल्यापासून अशक्त आहे. मोजणीत धर, वगळू नको.” चिमटा पोचला. जागेवर बसला.

आकडे मी दा-ओनच्या हाती दिले आणि वही घेऊन एकटी जिन्यात बसले. ४ ऑक्टोबर २०१२ चं पान उघडलं. तुम्हाला ते पाठ असेल, पण मला लिहू द्या, कारण हाताने उतरवल्यावर ते जास्त खरं वाटतं:

“सुटीहून परत. सेल टेबलावर, चोवीस. सगळे ३.३० वर, म्हणजे अर्ध्यावर आणून मगच काढलेत. घाई केलेली नाही, सावकाश उतरवून विश्रांतीही दिली आहे. सहा तास तरी लागले असतील. टोकांना पट्टी, पट्टीचा शेवट दुमडलेला. म्हणजे उन-सुक. चोर आहे, पण शिकवलेलं विसरलेली नाही.”

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मी तुमच्यासमोर कानात न वाजणारी गाणी घालून बसले होते.

मला ते सहा तास आठवतच नव्हते, सनबे. खरंच नाही. शिक्का आठवत होता, नाशपात्या आठवत होत्या. सेल कुणाचाही असो, भरलेला किंवा रिकामा टाकून जायचं नाही, अर्ध्यावर आणून झोपवायचा, हे तुम्ही मला पहिल्या आठवड्यात शिकवलंत. तेव्हापासून हात आपोआप तसं करतात. तुमचं काम चोरत असतानाही त्यांनी तेच केलं. रिकामे ओढून काढले असते तर त्यांतला एकही आज जिवंत नसता. माझ्या अंगात चांगुलपणा होता असं मी म्हणत नाही. तुम्ही घालून दिलेली सवय होती, तिने तुमचे सेल माझ्यापासून वाचवले. ह्याचे आभार कसे मानतात मला माहीत नाही. तुम्ही चार वर्षं शेजारी उभं राहून चिकटपट्टीच्या टोकावरून बोलणी ऐकवलीत, त्याबद्दल आभार. तेव्हा मी मागून तोंड वेडावत असे.

निवेदन दिलं. संचालक गू यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला. मग मला खाली जाऊन कॉफी पिऊ म्हणाले, म्हणजे गोष्ट गंभीर होती. म्हणाले, जुनं कशाला उकरायचं, सेल चांगले निघालेत, योमसाहेबांनी वहीही दिली, सगळे खूश आहेत, आता एका शिक्क्यासाठी अख्ख्या अहवालावर डाग कशाला. माझ्याच आवाजात कोणी बोलत असल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, डाग अहवालावर आधीपासून आहे, मी फक्त त्याच्याखाली नाव लिहितेय.

ते म्हणाले, “उन-सुक, तू पन्नाशी ओलांडल्यावर प्रामाणिक व्हायचं ठरवलंस. थोडं आधी ठरवायचंस, नाहीतर थोडं थांबायचंस.”

लेखी ताकीद मिळाली. जानेवारीपासून गटप्रमुख मी नाही. खिडकीजवळ एक टेबल दिलंय, फ्रिजच्या बाजूला. जागा उत्तम आहे, ऊन येतं.

आणि आता नवी अडचण, खरं म्हणजे तीच जुनी. तुमचे चोवीस परत चॅनेलवर चढवून आठ आठवडे मोजायला हवेत, तर एकतीस जानेवारी गाठता येईल. आज यंत्राला चारशे चॅनेल आहेत. सगळे भरलेले. चॅनेल कितीही वाढवा, माणसांच्या डोक्यात नेहमी त्यापेक्षा जास्त सेल असतात. नवं यंत्र मे महिन्याआधी येत नाही.

संचालकांनी उपाय सुचवला. दा-ओनचे सोडियमचे सेल उतरवू. तिचं काम लांब पल्ल्याचं, गिऱ्हाईक अजून कोणी नाही, चोवीस चॅनेल सहज मोकळे होतील. ती पुढच्या आठवड्यात आजीच्या घरी किमची घालायला चार दिवस जाते आहे, तेव्हा उरकून टाकू, उगाच समोर वाद नको. त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. त्यांना आपला इतिहास माहीत आहे, सकाळीच त्यांनी तो दोनदा वाचला होता. तरीही सहज सांगितलं. वाईट माणूस नाही तो. रांग लांब असली की सगळ्यांना तेच सुचतं.

मी म्हटलं, उद्यापर्यंत वेळ द्या.

उन-सुक


देजन, २६ जानेवारी २०२४

योम सनबे,

अहवाल काल गेला. सहा दिवस आधी. चोवीसपैकी तेवीस सेलनी झोपायला जातानाची शहाण्णव टक्के ताकद राखली आहे. आठ नंबर एकोणनव्वदवर आहे, आणि तो पहिल्याच पानावर आहे. गाडीवाल्यांकडून एक बाई आल्या होत्या, तीन दिवस आमच्या डोक्यावर बसून होत्या. निवेदन त्यांनी वाचून बाजूला ठेवलं. आठ नंबरवर बोट ठेवून म्हणाल्या, “हा इथे आहे म्हणून बाकीच्यांवर विश्वास बसतो.” आज सकाळी कळलं, काम मिळालं. चौदाच्या चौदा इथेच राहतायत. दुपारी सगळे मांस भाजायला गेले, मी खिडकीत बसून हे लिहितेय. संध्याकाळी गाठीन त्यांना, तोवर ते गाण्यांपर्यंत पोचलेले असतील आणि मला वगळता येणार नाही.

अहवालावर पहिलं नाव तुमचं आहे. नावापुढे संस्था लिहावी लागते. तुम्ही कळवलंत ते जसंच्या तसं घातलं: मिठागर क्रमांक सात, बिगुम बेट. मुद्रितं तपासणाऱ्याने दोनदा परत पाठवलं, चूक असणार म्हणून.

तुम्ही पत्रात विचारलंत, चॅनेल कुठून आणलेस.

माझे होते, सनबे. जवळजवळ बिनकोबाल्टचे निकेलचे सेल, सहा वर्षांचं काम. ह्या वेळी टिकणारे. सतराशे दहा फेऱ्या झाल्या होत्या आणि धापा टाकत नव्हते. दोन हजारांवर ते नव्वदच्या वर राहिले असते तर मी निवृत्त होण्याआधी निकेलबद्दल खरं असलेलं एक वाक्य लिहू शकले असते. आता कोणी विचारलं तर मलाही म्हणावं लागेल, चाचणी अपुरी आहे. ह्या खेपेला ते खरं असेल. एक डिसेंबरला सकाळी दहाला उतरवले, सगळे कामावर असताना. अर्ध्यावर आणले, विश्रांती दिली, पट्ट्या लावल्या. शिक्के आता राहिले नाहीत, पडद्यावर आपलं बोट टेकवायचं असतं, ते टेकवलं. गुमबाई फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, स्वतःचेच का काढतेस? मी म्हटलं, बाकीचे दुसऱ्यांचे आहेत. त्यांना ते उत्तर पुरलं. फ्रिज त्यांनी धुऊन ठेवला होताच, माझे सेल त्यात गेले. झाकणावर ह्या वेळी नाव लिहिलंय.

हे मोठेपणासाठी सांगत नाही. उतरवताना मला राग येत होता, तुमचाही, तिचाही. संध्याकाळी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. पण एक गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कळली, आणि ती तुमच्यामुळे कळली म्हणून लिहितेय. मी तुमचे चॅनेल घेतले तेव्हा मला जे मिळालं ते सगळ्यांना दिसलं, त्याचे फोटो निघाले, बक्षीस मिळालं. जे गेलं ते कुणालाच दिसलं नाही, मलासुद्धा नाही. न झालेल्या गोष्टीला चेहरा नसतो. तुम्ही तिला अकरा वर्षं एका डब्यात ठेवलीत आणि तिचा चेहरा मला दाखवलात. त्याआधी मला वाटायचं, मी फक्त एक शिक्का मारला.

दा-ओन आजीकडून चार दिवसांनी परत आली. तिचे सेल जिथल्या तिथे, फेरी क्रमांक पुढे गेलेला. तिने वाकून बघितलंसुद्धा नाही, कारण बघण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तिला ह्यातलं काही माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. मला तिने मुळ्याच्या किमचीचा डबा आणला, सगळ्यांना आणला तसाच. आभार मानले नाहीत. कशाचे मानणार? आणि मला, सनबे, त्या न मानलेल्या आभारांइतकं काही आवडलेलं नाही गेल्या कित्येक वर्षांत.

काल ती माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, “उन-सुक सनबे, तुमच्या त्या म्हाताऱ्या सेलचं मोजून झालंय ना? मग कधी उतरवणार? माझे बारा रांगेत आहेत. किती दिवस अडवून बसणार हे लोक?”

मी म्हटलं, मालकाला विचारून सांगते.

म्हणून विचारतेय. दोन हजारांना तुमच्या सहाशे फेऱ्या कमी आहेत. मोजणी संपली आहे, कंपनीला त्या आता नको आहेत, दुसऱ्या कुणालाच नको आहेत. मला हव्यात की नाही हे मी सांगत नाही. सेल तुमचे आहेत. ठेवू की उतरवू, कळवा. तोवर मी कुणाला हात लावू देत नाही.

उन-सुक